ज्येष्ठांसाठी दिवसाचं केंद्र काढायचंय. शाहूपुरीतलं जुनं घर चालेल का? परवाने, इमारत, सुरक्षितता

मंगळवारपेठकर

नमस्कार मंडळी. कोल्हापुरात शाहूपुरीत आमचं सासऱ्यांच्या वेळचं बैठं घर आहे. भाडेकरू गेल्यापासून बंदच आहे. आतली जागा अकराशे चौरस फूट भरते. तिथे सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा ज्येष्ठांना सांभाळायचं केंद्र सुरू करायचं मनात आहे. वृद्धाश्रम नाही, रात्री कुणी राहणार नाही. मुलगा-सून कामावर गेले की घरात एकटी पडणारी माणसं आमच्या गल्लीत रोज दिसतात. शेजारच्या काकी दुपारी गॅसवर दूध ठेवून विसरल्या, भांडं जळून खोलीभर धूर झाला. तेव्हापासून हा विचार डोक्यातून जात नाही.

वीसेक जण घ्यावेत असं वाटतंय. दुपारचं जेवण, चहा, थोडा व्यायाम, भजन, पेपरवाचन, वेळच्या वेळी औषधं. काहींना विस्मरण असेल, काही काठीवर असतील, एक-दोघे व्हीलचेअरवर. मदतीला दोन बायका आणि एक नर्स ठेवणार.

परवान्यांचं विचारायला गेले तर जिथे जावं तिथे वेगळं उत्तर. एका ठिकाणी म्हणाले, शॉप अॅक्ट काढा आणि सुरू करा. दुसरीकडे म्हणाले, संस्था नोंदवल्याशिवाय पाऊलच टाकू नका. एक एजंट भेटला, "सगळं करून देतो" म्हणाला, पण कसले कागद ते काही सांगेना.

घराविषयी सांगते. जोतं अडीच फूट, पुढे चार पायऱ्या. न्हाणी आणि संडास मागच्या बाजूला, संडास देशी. पुढे एक दार. मागे परड्यात उघडणारं दुसरं दार आहे, ते कपाट लावून बंद केलंय. खिडक्यांना सगळीकडे ग्रिल. घरफाळा रहिवासी म्हणूनच भरतो. २०१९ च्या पुरात पाणी दुसऱ्या पायरीपर्यंत आलं होतं.

कायदा नेमकं काय मागतो आणि घरात काय बदलावं लागेल? ज्यांनी असं काही चालवलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहावं.

बावड्याची सिस्टर

ताई, मी सरकारी दवाखान्यात नर्स होते. निवृत्तीनंतर मैत्रिणींबरोबर कसबा बावड्यात असंच केंद्र चालवते. तुम्हाला दर ठिकाणी वेगळं उत्तर का मिळालं ते सांगते. 'ज्येष्ठांचं डे केअर' या नावाचा एक असा परवानाच आपल्याकडे नाही. २००७ चा आई-वडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह आणि कल्याण कायदा आहे, पण त्यात भर आहे तो निर्वाह भत्ता, मालमत्तेचं संरक्षण आणि जिल्ह्याजिल्ह्यात निराधारांसाठी वृद्धाश्रम यांवर. २०१९ मध्ये लोकसभेत त्याला दुरुस्ती सुचवणारं विधेयक आलं. केअर होमची नोंदणी, किमान निकष असं त्यात होतं. ते मंजूर होऊन कायद्यात उतरलं नाही. त्यामुळे लोकांचा समज झालाय की याला नियमच नाहीत. नियम ढीगभर आहेत. दारातून आत कोण येणार आणि आत आल्यावर तुम्ही त्यांचं काय करणार, यावरून ते लागू होतात. म्हणून एजंट, शॉप अॅक्ट वगैरे बाजूला ठेवा आणि आधी एका कागदावर लिहा: कुणाला घेणार, कुणाला घेणार नाही.

चालतेफिरते ज्येष्ठ आले, कॅरम खेळले, पेपर वाचून घरी गेले, तर ते विरंगुळा केंद्र. त्याला फार काही लागत नाही. तुमचं तसं नाही. तुम्ही माणूस ताब्यात घेताय. मुलगा सकाळी आईला तुमच्या दारात सोडून गेला की सहा वाजेपर्यंत ती तुमची जबाबदारी. भारतीय न्याय संहितेत कलम ३५७ आहे, ते वाचून घ्या. आजारपणामुळे किंवा अशक्तपणामुळे स्वतःचं करू न शकणाऱ्या माणसाची काळजी घ्यायचा करार केला आणि जाणूनबुजून ती घेतली नाही, तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. जुन्या भारतीय दंड संहितेतही हे होतं, कलम ४९१. शिक्षा लहान आहे, पण मी आमच्याकडे येणाऱ्या प्रत्येक नव्या मदतनीस बाईला पहिल्या दिवशी हे कलम समजावून सांगते. ती लगेच विचारते, मग आज्जी जेवल्याच नाहीत तर? तर लिहून ठेवायचं, मला सांगायचं, घरी फोन करायचा. 'नको म्हणाल्या' एवढ्यावर ताट उचलायचं नाही.

नर्स ठेवणार म्हणालात, तिथे जरा थांबा. आपल्याकडे शुश्रूषागृह नोंदणीचा १९४९ चा कायदा आहे. आजारी, जखमी किंवा दुर्बल माणसांना ठेवून घेऊन उपचार आणि शुश्रूषा करायची जागा म्हणजे शुश्रूषागृह, अशी त्याची व्याख्या. दुर्बल हा शब्द त्यात आहे, लक्षात घ्या. नाकातल्या नळीतून अन्न, लघवीची नळी बदलणं, जखमेचं ड्रेसिंग, सलाइन, यातलं काही नेमाने करायला लागलात की तुम्ही त्या कायद्याच्या दारात उभ्या. शहरात ही नोंदणी महापालिकेच्या आरोग्य विभागाकडे असते. आमच्याकडे हे काहीच करत नाही. नर्स आहे ती रक्तदाब आणि साखर बघायला, गोळ्या बघायला आणि माणूस बदललाय हे ओळखायला. दुपारी अडीचला एखाद्या आजोबांची जीभ जड झाली तर 'झोप झाली नसेल' असं म्हणून सोडून न देणारा एक माणूस केंद्रात हवाच.

काठी आणि व्हीलचेअरचं म्हणालात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात कलम ५० आहे. दिव्यांगांना ठेवून घेणारी, काळजी घेणारी संस्था नोंदणी प्रमाणपत्राशिवाय चालवता येत नाही. पार्किन्सन्स त्या कायद्याच्या यादीत नावासकट आहे. तुमच्या वीसपैकी एकालाच असेल तर लगेच तुम्ही दिव्यांगांची संस्था होता असं नाही, पण पत्रकावर 'पार्किन्सन्स, पक्षाघात रुग्णांसाठी' असं छापणार असाल तर दिव्यांग कल्याण विभागाकडे आधी जा. विस्मरणाचंही तसंच. नुसता विसराळूपणा वेगळा. पण डिमेन्शियाची माणसं औषधोपचार आणि देखभालीसाठी ठेवणार, अशी जाहिरात केलीत तर २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याखालच्या नोंदणीचा प्रश्न उभा राहतो. या दोन्ही ठिकाणी तोंडी विचारू नका. अर्ज द्या, पोच घ्या, उत्तर लेखी मागा. तोंडी "चालतंय हो" ला काही झाल्यावर कुणी ओळखत नाही.

आता जागा. घरफाळा रहिवासी आहे म्हणजे मंजूर वापरही रहिवासी असणार. १९६६ च्या प्रादेशिक नियोजन व नगररचना कायद्यात इमारतीच्या वापरात मोठा बदल करणं हाही 'विकास' धरतात आणि त्याला परवानगी लागते. राज्यभराची एकत्रित विकास नियमावली डिसेंबर २०२० पासून आपल्या महापालिकेलाही लागू आहे. आर्किटेक्टला तुमच्या रस्त्याची रुंदी आणि झोन दाखवा, नगररचना विभागात वापर बदलाचा अर्ज करा. हे पहिलं. हे नसेल तर अग्निशमन, वीज, विमा सगळं कच्च्या पायावर.

आणि वीस माणसं? मला पटत नाही. वृद्धाश्रमासाठी केंद्र सरकारने राज्यांना दिलेल्या नमुना नियमांत माणशी साडेसात चौरस मीटर झोपायची जागा आणि स्वयंपाकघर, जेवणघर धरून एकूण बारा चौरस मीटर असं माप आहे. तुमचे अकराशे फूट म्हणजे एकशे दोन मीटर. बाराने भागलं तर आठ माणसं. हे माप दिवसाच्या केंद्राला बंधनकारक नाही आणि तुमच्याकडे रात्रीचे पलंग नाहीत, म्हणून दहा-बारा म्हणा. वीस जण दुपारी आडवे झाले तर मधून वॉकर जाईल का, हे जमिनीवर खडूने आखून बघा.

निवृत्त फायरमन

सिस्टरनी पाया सांगितला, मी आगीचं सांगतो.

महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ चा. घरमालक असो की भोगवटादार, उपाययोजना बसवणं आणि त्या चालू ठेवणं ही त्यांची जबाबदारी. बसवायचं काम महाराष्ट्र अग्निशमन सेवेच्या परवानाधारक एजन्सीकडूनच करून घ्या. नंतर दरवर्षी जानेवारी आणि जुलैत त्या एजन्सीचं सर्व काही चालू असल्याचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म बी, अग्निशमन विभागाला द्यायचा असतो. लोक पहिल्या वर्षी देतात, मग विसरतात. सिलिंडर भिंतीवर लटकलेला असतो, गेजचा काटा लाल पट्ट्यात गेलेला असतो आणि त्याच्यावर कुणीतरी पिशवी अडकवलेली असते. हे मी नोकरीत फार बघितलं.

राष्ट्रीय इमारत संहितेत, २०१६ च्या आवृत्तीत, वृद्ध आणि दुर्बलांची निवासस्थानं गट सी मध्ये येतात, रुग्णालयांच्या शेजारी. तिथे व्याख्या रात्रीच्या मुक्कामाला धरून आहे, त्यामुळे दिवसाच्या केंद्राला कुठल्या गटात टाकायचं ते अधिकारी जागा बघून ठरवतील. पण ताई, तुम्ही स्वतः गट सी समजूनच तयारी करा. कारण तुमच्याकडे रात्र होते, फक्त ती दुपारी एक ते तीन या वेळात होते. जेवण झालेलं, चष्मे काढून ठेवलेले, कानातली यंत्रं काढलेली, काठ्या भिंतीला, काहींना गोळीची गुंगी. त्याच वेळी तुमच्या मदतनीस बायका स्वयंपाकघरात जेवायला बसलेल्या. आग लागायची तर याच वेळेला महाग पडते. त्या दोन तासांत निम्मा स्टाफ हॉलमध्ये जागा हवा. जेवण पाळीपाळीने.

मागचं दार आजच उघडा. कपाट काढा. दोन बाजूंना दोन वाटा हव्यातच, आणि दोन्ही दारं बाहेरच्या बाजूला उघडतील अशी करून घ्या. ग्रिलपैकी निदान एक उघडणारं करा, आतून कडी, कुलूप नाही. मागच्या परड्यातून पुढे गल्लीत यायला बोळ आहे का ते बघा. नसेल तर मागचं दार म्हणजे माणसं परड्यात कोंडायची सोय.

जुन्या घरात लाकडी पट्टीवरची वायरिंग असेल तर ती पूर्ण बदला. परवानाधारक ठेकेदाराकडून चाचणी अहवाल घ्या, ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे वीज गळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, बसवा. महावितरणला वापर बदलल्याचं कळवा. घरगुती लाल टाकी केंद्रात वापरू नका. केंद्राला १९ किलोची निळी, व्यापारी टाकी, आणि ती शक्यतो बाहेर जाळीच्या कोठीत.

आणि गल्ली. शाहूपुरीत संध्याकाळी दुचाक्या कशा लागतात ते तुम्हाला माहीत आहे. आमचा बंब तुमच्या दारापर्यंत येतो का, हे एकदा अग्निशमन केंद्रावर जाऊन विचारा, माणसं येऊन बघतात.

मंगळवारपेठकर

सिस्टर, काका, मनापासून आभार. कपाट काढायला सांगितलंय. एक अडचण आहे. विस्मरण झालेला माणूस उघड्या दारातून निघून गेला तर? बहुतेक घरचे पहिला प्रश्न हाच विचारणार. मी पुढच्या दाराला कुलूप लावायचा विचार करत होते.

बावड्याची सिस्टर

कुलूप नको. काकांनी आगीचं सांगितलंच आहे. शिवाय सज्ञान माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध कोंडणं हा न्याय संहितेच्या कलम १२७ प्रमाणे गुन्हा ठरू शकतो. मुलाने सही दिली म्हणून वडिलांना कोंडायचा हक्क मिळत नाही. खुर्चीला ओढणीने बांधणं तर नाहीच नाही. काही ठिकाणी हे चालतं, 'पडू नयेत म्हणून' म्हणतात. मला ते बघवत नाही.

आमच्याकडे एक आजोबा येतात, शाहू मिलमध्ये नोकरी केलेले. चार वाजत आले की उठतात, चप्पल शोधतात, पाळी चुकेल म्हणतात. पहिले काही दिवस बायका त्यांना "मिल कधीच बंद पडली, बसा" म्हणून अडवायच्या. ते चिडायचे, एकदा काठी उगारली. मग आम्ही पावणेचारलाच त्यांना घेऊन अंगणात फेऱ्या मारायला लागलो. हातात डबा द्यायचा, दोन फेऱ्या, आत येऊन चहा. आता ते दाराकडे जात नाहीत. त्यांच्या मुलाने डबा घरूनच पाठवायला सुरुवात केलीय, रिकामा, पण त्यांच्या ओळखीचा.

बाकी व्यवस्था साधी आहे. दाराला घंटा, उघडलं की वाजेल अशी. दाराशी कायम एक माणूस, आणि ते त्याचंच काम, मधूनच भाजी निवडायला उठायचं नाही. कंपाउंडचं फाटक आतून उघडणारं, पण कडी खाली, सहज नजरेत न येणारी. प्रत्येकाच्या खिशात नाव आणि फोनची चिठ्ठी. ताजा फोटो फायलीत. कुणी दिसेनासं झालं तर दहा मिनिटं गल्ली शोधायची, मग लगेच ११२. 'येतील अजून' म्हणून तास घालवायचा नाही.

उद्यमनगर फॅब्रिकेशन

ताई, रॅम्पचं मी सांगतो. उद्यमनगरात माझं शेड हाय, दवाखान्यांची अशी कामं लई केल्यात.

तुमी जोतं अडीच फूट म्हणालासा. नियम एकास बारा. म्हंजे एक फूट चढायला बारा फूट लांबी. अडीच फुटाला तीस फूट रॅम्प. लोकांना वाटतंय पायऱ्यांवर फळी टाकली की झालं. तसल्या उभ्या फळीवरनं व्हीलचेअर खाली येताना धरणाऱ्या बाईच्या हातनं सुटती. तुमच्या अंगणात सरळ तीस फूट बसत नसल तर पंधरा फूट जायचं, पाच फुटाचा सपाट चौक, मग वळून परत पंधरा. रुंदी चार फूट धरा. कडंला तीन इंचाची ठोकर घ्या, चाक घसरून खाली जायला नको. रेलिंग दोन्ही बाजूला, दोन उंचीवर, आन शेवटाला फूटभर पुढं काढा, म्हंजे उतार संपल्यावर बी हाताला धरायला राहतंय. पायपाची जाडी दीड ते पावणेदोन इंच. त्याच्यापेक्षा जाड घेतला तर म्हाताऱ्या माणसाच्या मुठीत बसत न्हाई.

फरशी पॉलिशची नको. पावसाळ्यात चपलांचं पाणी लागलं की कडाप्पा, ग्रॅनाइट दोन्ही काचंवानी. खरबरीत टाइल घ्या.

दारं बघा. मोकळी जागा नव्वद सेंटिमीटर पायजे, चौकट धरून न्हाई. जुन्या घरांत न्हाणीचं दार सव्वादोन फुटाचं असतंय, त्यात चेअर जात न्हाई. उंबरे काढा.

संडासात कमोडच्या दोन्ही बाजूला दांड्या लागतील. हितं एक गोष्ट सांगतो, लोक फसत्यात. तुमचं घर जुनं, भिंत मातीची किंवा कच्च्या विटंची असल. टाइलीवर ड्रिल मारून नुसता फास्टनर टाकला तर चार दिवस घट्ट वाटतंय, मग सत्तर किलोचा माणूस उठताना सगळा भार टाकतोय आन दांडी भिंतीसकट हातात. आरपार बोल्ट मारून मागनं पट्टी लावायची, न्हाईतर जमिनीतनं उभा खांब घ्यायचा. बसवल्यावर मी स्वतः लोंबकळून बघतो.

परड्याकडची जमीन पुढच्यापेक्षा उंच हाय का बघा. तशी असली तर रॅम्प मागनं करू, निम्म्यात काम हुईल.

माहेर कोल्हापूर

मी वकील आहे, पुण्यात असते. बाबा कोल्हापुरात एका केंद्रात जात होते, म्हणून घरच्यांच्या बाजूने लिहिते.

प्रवेशाच्या वेळी माझ्यापुढे जो फॉर्म आला त्यात शेवटी एक ओळ होती: 'कोणत्याही अपघातास संस्था जबाबदार राहणार नाही.' मी सही केली नाही. ताई, अशी ओळ तुम्ही छापू नका. पैसे घेऊन सेवा देताय म्हणजे २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा लागू होतो. सेवेत हलगर्जी झाली तर त्या ओळीचा जिल्हा आयोगापुढे उपयोग होत नाही, आणि एकतर्फी करार हा त्याच कायद्यात स्वतंत्र तक्रारीचा विषय आहे. त्यापेक्षा तुम्ही काय करणार आणि काय करणार नाही, हे दोन पानांत स्वच्छ मराठीत लिहा. मोठ्या अक्षरात. ज्येष्ठांनाही वाचून दाखवा, सही त्यांचीही घ्या. कायद्याने ते तुमचे ग्राहक आहेत, फक्त त्यांची मुलं नाहीत.

फायलीत मला हे बघायला आवडेल: डॉक्टरांची चिठ्ठी आणि औषधांची चालू यादी, कशाची अॅलर्जी, कुठल्या दवाखान्यात न्यायचं, आणि न्यायला येणार कोण. शेवटचं फार महत्त्वाचं. मालमत्तेवरून भांडणं असलेल्या घरांत एक भाऊ सोडतो आणि दुसरा येऊन घेऊन जातो, थेट सह्या घ्यायला. न्यायला येणाऱ्यांची नावं आणि फोटो लिहून घ्या, बाकी कुणी आलं तर नाही म्हणा, आणि आज्जींना स्वतःला विचारा त्यांना जायचंय का. एखाद्या ज्येष्ठाच्या अंगावर वळ दिसले, घरी जेवायला मिळत नाही असं कळलं, तर १४५६७ ही ज्येष्ठांची हेल्पलाइन आहे. निर्वाहासाठीचा अर्ज प्रांतांकडे, तिथेच न्यायाधिकरण असतं.

ने-आण करायला गाडी ठेवणार असाल तर पांढऱ्या पाटीची घरची गाडी भाड्याने वापरू नका. परवाना असलेली पिवळ्या पाटीचीच. अपघात झाला तर विमा कंपनी पहिलं तेच बघते.

कर्मचाऱ्यांची पोलीस पडताळणी करून घ्या. कॅमेरे हॉल आणि दाराशी ठेवा, न्हाणी आणि कपडे बदलायच्या जागी अजिबात नाही.

मंगळवारपेठकर

डोळे उघडले. बारा जणांनीच सुरुवात करते. परड्याची जमीन खरंच उंच आहे, जोतं तिकडून फूटभरच राहतं. दादा, तुमचा निरोप मिस्त्रींना दाखवला. शेवटचं दोनच विचारते. स्वयंपाक तिथेच करायचा तर काय लागेल? आणि पुराचं काय करू? व्हीनस कॉर्नरकडे पाणी आलं की आमच्या गल्लीचा नंबर लागतोच.

बावड्याची सिस्टर

स्वयंपाकाला अन्न सुरक्षा कायद्याची नोंदणी लागते. नफ्यासाठी असो की सेवेसाठी, कायदा फरक करत नाही. छोट्या स्वयंपाकघराला नोंदणी पुरते, चौदा आकडी क्रमांक मिळतो, तो भिंतीवर लावा. डबेवाल्या बाईंकडून घेणार असाल तर त्यांचा क्रमांक मागा. पाण्याची तपासणी करून अहवाल ठेवा. आणि तुमच्या ताटातला तांबडा-पांढरा रस्सा थोडा बाजूला ठेवा ताई, बारापैकी निम्म्यांना मीठ-तिखट बेतानेच लागेल आणि दोघांना तरी घास मऊ करून. ठसका लागला तर काय करायचं ते तुमच्या प्रत्येक बाईला हाताने करून दाखवलेलं असलं पाहिजे.

कचऱ्याचंही विचारलं नाहीत, सांगून ठेवते. इन्सुलिनच्या सुया ओल्या कचऱ्यात गेल्या तर सफाई करणाऱ्या बाईच्या हाताला लागतात. सुया पांढऱ्या, टोचून आरपार न जाणाऱ्या डब्यात, रक्ताचा कापूस पिवळ्या पिशवीत. असा जैववैद्यकीय कचरा तुमच्याकडे तयार होणार असेल तर प्रदूषण नियंत्रण मंडळाचं अधिकारपत्र लागतं आणि तो उचलणाऱ्या यंत्रणेशी करार. सुई घरीच टोचून यायची असं ठरवलंत तर हा भाग बराच सुटतो. डायपर कागदात गुंडाळून, वेगळे.

पुराला मात्र नियम आधीच ठरवा, पाणी चढायला लागल्यावर नाही. नगररचनेत गेलात की पहिल्यांदा पूररेषेचा नकाशा मागा. निळी रेषा पंचवीस वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा शंभर वर्षांतल्या. तुमचं घर निळ्या रेषेच्या आत असेल तर वापर बदल मिळणंच अवघड आहे, मग एवढा खर्च करण्याआधी दुसरी जागा बघा. लाल आणि निळ्याच्या मध्ये असेल तर आर्किटेक्टकडून अटी समजून घ्या.

आणि रोजचा नियम असा. पावसाळ्यात राजाराम बंधाऱ्यावरची पंचगंगेची पातळी दररोज कळते. ३९ फूट इशारा, ४३ धोका. इशारा पातळी गाठली की त्याच संध्याकाळी सगळ्या घरांना फोन, दुसऱ्या दिवसापासून केंद्र बंद. हे प्रवेशाच्या कागदातच लिहा, म्हणजे "सुट्टी नाही मिळत, एक दिवस घ्या" असं कुणी म्हणणार नाही. वॉकर आणि व्हीलचेअरची माणसं पाण्यातून काढणं किती कठीण असतं ते २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळा आपण सगळ्यांनी बघितलंय. पाणी उतरल्यावर लगेच उघडायचं नाही. वायरिंग तपासून, टाकी धुऊन, पाणी तपासून मगच.

शॉप अॅक्ट शेवटी. नोकर मोजकेच असल्याने फक्त ऑनलाइन सूचना द्यावी लागेल, त्यात अवघड काही नाही. संस्था नोंदवलीच पाहिजे असंही नाही, एकटीच्या नावावरही चालवता येतं. पुढे देणग्या किंवा सरकारी अनुदान घ्यायचं असेल तर न्यास किंवा संस्था बघा.

सोमवारी नगररचनेत जाताना प्रॉपर्टी कार्ड, मंजूर नकाशा आणि भोगवटा प्रमाणपत्र घेऊन जा. सासऱ्यांच्या वेळचा नकाशा सापडत नसेल तर महापालिकेकडे नक्कल मागण्याचा अर्ज आधी द्या, त्याला वेळ लागतो. वापर बदलाच्या अर्जाला आम्ही जे पत्र जोडलं होतं त्याचा मसुदा आज रात्री इथे टाकते. त्यात माणसांची संख्या आणि 'उपचार नाहीत, रात्रीचा मुक्काम नाही' ही दोन वाक्यं तशीच ठेवा.